उठाबशांची वही

तेराव्याचं जेवण उरकल्यावर हेमांगीने बॅगेतून चार पानं काढून अण्णांच्या फोटोपुढे ठेवली. ब्रिटनची खासदार म्हणून वर्षभरात ती संसदेत जे काही बोलली, ते सगळं त्यात होतं. धाकट्या भावाने पानं चाळली. "एवढंच, ताई? वर्षभरात एकच भाषण?"

काय सांगणार त्याला? तिथे बोलायचं असेल तर जागेवर उभं राहायचं. सभापतींनी नाव घेतलं तर बोलायचं, नाहीतर मुकाट खाली बसायचं. मतदारसंघातलं प्रसूतिगृह बंद पडू नये म्हणून तिने वर्षभर उठाबशा काढल्या होत्या. "माझ्या उठाबशांची नोंद कोण ठेवतो?" ती एवढंच म्हणाली.

"अण्णांनी ठेवलीय की," म्हणत शेजारच्या कुमुदकाकूंनी अण्णांच्या उशाशी असायची ती वही आणून दिली. मिरजेत बसून अण्णा टॅबवर रोज सभागृह बघायचे. मास्तरी वळणाचं अक्षर होतं. 'दोनदा उठली. नाव घेतलं नाही.' 'आज तीनदा. दमलेली दिसते.' अशी पानंच्या पानं.

शेवटची ओळ तेवढी वेडीवाकडी होती. 'नाव घेतलं!'

रडता रडता हेमांगीला हसू फुटलं. "म्हणजे ऐकलं त्यांनी!"

काकू पदराचं टोक पिळत राहिल्या. "त्या संध्याकाळी छातीत कळ आली होती गं त्यांना. मी रिक्षा दारात आणली, तर म्हणाले, पाच मिनिटं थांबा, पोरगी बोलायला उभी राहिलीय."

हेमांगीचं भाषण वीस मिनिटं चाललं होतं.