हातांचा वास

"आता हुंगा."

मल्लेशमनं बायकोचे हात नाकाशी नेले आणि झटकले. "गेला नाही की! परत धू."

राजव्वानं पुन्हा शिकेकाई चोळली. पण जन्मभर विड्या वळलेल्या बोटांतला तंबाखूचा वास शिकेकाईनं कसा जाणार? छातीच्या दुखण्यापायी त्यानं विडी सोडली होती. लवंग चघळून तो तलफ मारायचा. ती शेजारून गेली की तलफ पुन्हा उठायची.

"तू माहेरी जा. तू घरात असलीस तर मी विडी पेटवणार आणि मरणार."

"अहो, याच हातांवर पोरं शिकली."

"शिकली ना? मग जा आता."

विड्या वळणं सोडून ती भावाकडे गेली. भावजयीची भांडी राखेनं घासत ती रोज स्वतःचे हात हुंगायची. वास पार गेला, त्या दिवशी तिनं निरोप धाडला: न्यायला या.

तो लगेच आला. दारातच त्यानं तिचे दोन्ही हात धरले, नाकाशी नेले, डोळे मिटून खोल श्वास ओढला. पुन्हा ओढला. त्याचा चेहरा पडला.

"काहीच येत नाही," तो म्हणाला. "मग बोलावलंस कशाला?"