पाहुण्यासारखं सेंट लुईस

"डोकं टेकवा काचेला, डग्लस. अशी कमान दुसरीकडे कुठे बघायला मिळणार आहे?" रोना म्हणाली.

डग्लसने डोकं टेकवलं, पण त्या सहाशे फूट उंच पोलादी कमानीच्या माथ्यावरच्या खिडकीतून खाली पसरलेल्या सेंट लुईसकडे त्याचं लक्ष कुठलं असायला. मागच्या माणसाने खिशात हात घातला आणि हा गर्रकन वळला. त्या बिचाऱ्याने नुसता चष्मा काढला. इथे आल्यापासून हे असंच चाललं होतं.

शिकागोत त्याने आपल्याच मालकाविरुद्ध कोर्टात साक्ष दिली होती. मालक आत गेला, त्याची माणसं मात्र बाहेर मोकाट. सरकारने याला नवं नाव दिलं, या गावात आणून ठेवलं आणि सांगितलं, जन्मापासून इथलाच असल्यासारखा वाग. परका म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आला की संपलाच.

ते शिकवायला मर्व्हिन नावाचा सरकारी माणूस यायचा. आज सकाळी त्याच्याऐवजी ही रोना आली. मर्व्हिन तापाने आडवा पडलाय म्हणाली. ओळखपत्र दाखवलं. डग्लसचं जुनं नावही तिला ठाऊक होतं, मग शंका कसली घ्यायची?

"मी इथेच जन्मले, इथेच वाढले," ती म्हणाली होती. "मर्व्हिनने नुसतं पाठांतर करून घेतलं. आज गाव डोळ्यांनी बघा."

खोलीत भिंती बघत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून तो निघाला. तिने त्याला दिवसभर पिदडलं. प्राणिसंग्रहालय झालं, बाग झाली, कमान झाली. संध्याकाळी दोघं एका पिझ्झाच्या दुकानात टेकले. डग्लसचा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता.

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने मान वळवली. "गावचेच ना? कुठलं हायस्कूल?"

मर्व्हिनचा पहिला धडाच हा. इथली दोन माणसं भेटली की आधी हायस्कूल विचारतात. त्यावरून घर कुठलं, बाप काय करायचा, सगळं कळतं. इथला माणूस झोपेतही उत्तर देतो.

"बेल्मार्क," डग्लसने ठोकून दिलं.

"म्हणजे दक्षिणेकडचा गडी. माझी मेहुणी तिथलीच. आज काय, सुट्टी?"

"कमानीवर गेलो होतो," डग्लस बोलून गेला.

म्हातारा खो खो हसला. "कमानीवर? अख्खा जन्म गेला माझा इथे, एकदा चढलो नाही. पाहुणे आले तरच माणूस जातो तिथे. बाई परगावच्या दिसतात."

डग्लसने मान खाली घालून पिझ्झ्याचा तुकडा उचलला.

"नाही हो," रोना गोड हसली. "मीसुद्धा इथलीच."

"अस्सं? मग तू कुठल्या हायस्कूलची ग?"

रोनाने हात झटकला. "जुनी गोष्ट झाली ती. शाळेचं काय घेऊन बसलात?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग डग्लसकडे. खांदे उडवले आणि पुन्हा पिझ्झ्यात तोंड घातलं.

डग्लसचा पाय हलायचा थांबला होता. हातातला तुकडा त्याने ताटलीत ठेवला.

"मर्व्हिनला फोन करतो जरा," तो म्हणाला. "तब्येत विचारतो."

"तो नाही उचलणार आता," रोनाने त्याच्या दंडाला धरलं. "उठा. नदीकाठ राहिलाय बघायचा. या वेळी तिथे कुणी नसतं."