पाठ असलेलं माप

"बाबा, माझे पाय बाहेर येतायत!"

जीपच्या मागच्या भागातून शलाकाचा आवाज आला, तसे वामनराव पाना खाली ठेवून वळले. लेक पहिल्यांदाच एकटी लडाखला निघाली होती. गाडीत तिला झोपायला फळी हवी होती आणि खाली स्टोव्ह, कपडे ठेवायला खण. सुताराला हातही लावू न देता आठ दिवस खपून त्यांनी सगळं स्वतः केलं होतं. खण कसे अलगद सरकत होते. फळी मात्र तिच्या पोटऱ्यांपाशीच संपत होती.

"माप नाही का घेतलंत?"

"घ्यायचं कशाला? पाठ आहे मला," ते तोऱ्यात म्हणाले, आणि बोलता बोलताच ओशाळले.

तिची आई गेली तेव्हा शलाका सात वर्षांची होती. गावोगावचे पंप दुरुस्त करत फिरताना ते तिला याच जीपमध्ये मागे गोधडीवर निजवत. नीट आडवी झाली की ती पत्र्यावर दोनदा टकटक करायची. त्याशिवाय ते गाडी सुरू करत नसत. फळी त्यांनी त्या शलाकाच्या उंचीची कापली होती.

"उतर खाली. उद्या दुसरी टाकतो," ते पुटपुटले.

ती उतरली नाही. कुशीवर वळून तिने गुडघे पोटाशी घेतले आणि फळीवर बरोबर मावली.

"दार लावा, बाबा."

त्यांनी दार लावलं. आतून पत्र्यावर दोनदा टकटक झाली.

खिशातली किल्ली चाचपत वामनराव स्टिअरिंगवर जाऊन बसले.