चमकणारे आयकॉन

बाबांचा फोन बनवणाऱ्या कंपनीचं वार्षिक संमेलन लॅपटॉपवर थेट सुरू होतं आणि मी नि बाबा ताईला दोन्हीकडून चिकटून बसलो होतो. ताईने बाबांसाठी येणाऱ्या बसचा नंबर बोलून सांगणारं ॲप बनवलंय. पण कंपनीच्याच सिस्टीममधल्या चुकीमुळे त्याचा आवाज ऐन स्टॉपवर बंद पडतो. वर्षभर ती कंपनीच्या मागे लागली होती.

शेवटी टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला!

"झालं का गं दुरुस्त?" बाबांनी विचारलं.

"आता सगळे आयकॉन काचेसारखे चमकणार म्हणे," ताई दातओठ खात म्हणाली.

"आणि आवाज?"

"त्याचं नावसुद्धा नाही काढलं मेल्यांनी!" मीच ओरडले.

"वा!" बाबा म्हणाले. "म्हणजे आजवर मला साधे आयकॉन दिसत नव्हते, आता चमकणारे दिसणार नाहीत."