दिवाणसाहेबांची सही

"फ्रेममधून काढूनच आणा, गेणूभाऊ. वाटेत काच फुटली तर कागदाच्या चिंध्या होतील," माधवीनं सकाळपासून तिसऱ्यांदा फोनवर बजावलं. "घडी घालू नका. आणि पाणी, पाणी अजिबात लागू देऊ नका!"

"व्हय ताई, व्हय. बेगडेवाडीला टेशनापाशी जरा काम हाय, त्येवडं उरकलं की निगतोच."

झालं! आता मध्येच हे कसलं काम? माधवीचा जीव थाऱ्यावर राहीना. गेल्याच आठवड्यात जुन्या कागदपत्रांचा मुंबईचा एक व्यापारी गाडी घेऊन गेणूभाऊंच्या दारात येऊन गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं.

खिडकीपाशी तिचे वडील, अंबाजी, बसले होते. जुन्या रेल्वे कंपन्यांचे कर्जरोखे जमवण्यात त्यांनी उभा जन्म घातला. तेही साधेसुधे नाहीत, पुढाऱ्यांच्या सहीचे. एकाच सहीनं त्यांना कायम हुलकावणी दिली होती. आपल्या संस्थानच्या छोट्या रेल्वेसाठी रोखे काढणारे आणि पुढे मंत्री झालेले दिवाणसाहेब, त्यांची. आणि ती सापडली कुठे, तर गेणूभाऊंच्या घरात, देवांच्या तसबिरींशेजारी, काचेआड! गेणूभाऊंचे आजोबा दिवाणसाहेबांच्या लोणावळ्याच्या बंगल्यावर माळी होते; रोखा त्यांना तिथंच मिळाला होता.

सापडली खरी, पण तोवर मधुमेहानं अंबाजींची नजर गेली होती. बोटं मात्र शाबूत होती.

"छापलेली सही सपाट असते गं," ते माधवीला सांगत. "टाकानं केलेली बोटाला लागते. कागदात चर पडलेला असतो. त्या चरावरून एकदा बोट फिरू दे, मग डोळ्यांचं मला काही दुःख नाही."

अंबाजींना, म्हणजे त्यांच्या आबांना, हा कागद हवाय एवढंच गेणूभाऊंना कळलं, आणि त्यांनी विषयच मिटवला. "इकायचा न्हाई. आबांच्या हातात द्यायचा."

बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. एक लोकल येऊन गेली. दुसरीही गेली. गेणूभाऊंचा फोन लागेना.

"आला का?" अंबाजींनी विचारलं. त्यांनी हात दोनदा साबणानं धुवून, पुसून मांडीवर ठेवले होते.

"येतील हो बाबा." त्या मेल्या व्यापाऱ्यानं स्टेशनवरच गाठलं असणार, तिच्या मनात आलं. तिला रडूच कोसळायला आलं.

तेवढ्यात दार वाजलं. गेणूभाऊ नखशिखांत निथळत उभे, पण पिशवी छातीशी घट्ट.

"कुठं होतात हो? जीव टांगणीला लागला होता माझा!"

"एक थेंब लागू दिला न्हाई, ताई!"

माधवीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. असल्या माणसावर आपण संशय घेतला! ती टॉवेल आणायला आत पळाली. बाहेर आली तेव्हा गेणूभाऊ तिच्याकडे पाठ करून, अंबाजींच्या पुढ्यात बसून वर्तमानपत्राचं वेष्टण सोडवत होते.

"घ्या आबा. तुमचं हाय त्ये."

त्यांनी अंबाजींचं बोट धरून सहीवर टेकवलं. बोट सरकलं, थांबलं, मागं आलं, पुन्हा सरकलं.

"माधवी," अंबाजींनी हळूच विचारलं, "काच काढायची राहिली का गं?"

"काच कुटली, आबा!" गेणूभाऊ खुशीत हसले. "ताई पाण्याला लय भीत व्हत्या, म्हून टेशनापाशी लॅमिनेशन मारून घेतलं. दोनी अंगांनी. आता शंभर वर्सं कागदाला कुणाचं बोटबी लागायचं न्हाई!"