शिडीपाशी उभी बस

विमानाच्या शिडीपाशी बस रिकामी झाली. आत राहिली ती चाकाच्या खुर्चीतली शिवणक्लासवाली बाई आणि तिचा धाकटा भाऊ. लिफ्टची गाडी विमानापाशी तयार आहे, असं गेटवर छातीठोकपणे सांगितलं होतं. इथे लिफ्टच्या नावाने शंख.

लिफ्टऐवजी सामान चढवणारे दोन गडी बाह्या सरसावत बसमध्ये आले. मागोमाग वॉकीटॉकीवाला अधिकारी.

"मॅडम, लिफ्ट दुसऱ्या विमानाकडे अडकलीय. हे दोघं तुम्हाला शिडीवरून नेतील. अगदी फुलासारखं उचलतील."

"फुलं तोडल्यावर उचलतात," ती म्हणाली. "लिफ्ट बोलवा."

अधिकारी हसला. हट्टी पोरापुढे मोठी माणसं हसतात तसा. ते हसू तिच्या डोक्यात गेलं.

"मागच्या वेळी असंच उचललं होतं मला. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. साडी वर सरकली. लोकांनी माना वळवल्या, तेवढीच काय ती मेहेरबानी. तेव्हा गप्प बसले. आज नाही बसणार."

"ताई, उद्या सकाळी आईचं ऑपरेशन आहे," भाऊ काकुळतीला आला. "हे विमान गेलं तर आज दुसरं नाही. ती वाट बघतेय गं."

"माझी वाट बघतेय. गाठोड्याची नाही."

बोलताना तिचा आवाज कापला. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तरी तिने हात खाली नेऊन खुर्चीचा ब्रेक लावला.

अधिकाऱ्याचं हसू मावळलं. "तुमच्या एकटीसाठी अख्खं विमान खोळंबलंय. येत नसाल तर तुम्हाला सोडून निघेल."

"निघू दे. पण माझ्या दोन बॅगा त्याच्या पोटात आहेत. माणूस मागे राहिला की त्याचं सामानही उतरवावं लागतं ना? शोधा मग."

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"साहेब," त्यातला जाडा चाचरत म्हणाला, "खुर्चीवाल्यांच्या बॅगा सगळ्यांत आधी चढवल्यात. पार आत. सगळा माल बाहेर काढायचा म्हणजे अर्धा तास कुठे गेला नाही."

अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं, विमान पाहिलं, मग तिला. ती निवांत खिडकीबाहेर बघत होती, जणू बस तिच्या बापाची. शेवटी त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि पाठ वळवून दबक्या आवाजात बोलला, "लिफ्टवाल्याला उठवा. चहा-बिहा नंतर. आत्ता पाठवा म्हणतो ना!"

"चहा?" भावाने विचारलं. आता त्याचाही आवाज चढला होता. "तुम्ही तर अडकलीय म्हणालात!"

अधिकाऱ्याने वॉकीटॉकी कमरेला अडकवला.

लिफ्टची गाडी आली. भावाने ब्रेक काढला, खुर्ची लिफ्टच्या फळीवर ढकलली आणि तिच्या शेजारी ताठ उभा राहिला. फळी करकरत वर निघाली. शिडीच्या पायऱ्या एकेक करत खाली गेल्या. विमानाच्या दाराशी ती थांबली.

"झालं ना मनासारखं, मॅडम?" अधिकाऱ्याने खालून विचारलं. शब्द इंजिनाच्या आवाजात विरले.

"ऐकू नाही आलं," ती कठड्यावरून म्हणाली. "मोठ्याने बोला."

अधिकाऱ्याने डोळ्यांवर हाताची सावली धरली, मान पार मागे टाकली आणि वर, तिच्याकडे पाहिलं.