तारेच्या टोकाचं टोपण

यशया साळवेने खुर्चीतूनच मान वाकडी करून दाराबाहेर पाहिलं. चपलांचा एकच जोड. त्याचा स्वतःचा.

साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत चप्पल घालून यायचं नाही, हा नियम त्यानेच घातला होता. मशिनला धूळ बाधते म्हणून. नऊ वर्षं उसाच्या सगळ्या नोंदी या एकाच कॉम्प्युटरमध्ये होत्या. कुणाच्या उसाला तोड कधी, हे विचारायला बडे बागायतदारसुद्धा बाहेर चपला काढून आत येत आणि उभे राहत. हंगामात दारात चपलांचा ढीग पडे.

मग सत्त्याण्णवच्या हंगामात नगरहून अश्विनी आली. वय तेवीस. तिने बाकीच्या ऑफिसांत तीन नवे रंगीत कॉम्प्युटर मांडले आणि आठ दिवस खटपट करून यशयाचा जुनाही एका काळ्या तारेने त्यांना जोडला. आता जो तो त्याच्यातल्या नोंदी आपापल्या टेबलावर बघू लागला. चेअरमनसाहेबांनी भर सभेत तिला शाबासकी दिली, तेव्हा यशयानेही टाळ्या वाजवल्या. पण सगळ्यांच्या आधी थांबवल्या. वर ती त्याला काका म्हणे. अख्खा कारखाना साळवेसाहेब म्हणत होता!

तार त्याच्याच कॉम्प्युटरपाशी संपत होती. टोकाला बोटाच्या पेराएवढं टोपण. "काका, हे तेवढं जपा," अश्विनी म्हणाली होती. "हे निघालं तर चारही मशिनं एकमेकांना दिसायची नाहीत."

यशया उठला, कॉम्प्युटरमागे वाकला, पाव वळसा फिरवून टोपण काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. मग केसांवरून हात फिरवून वाट बघत बसला.

दहा मिनिटांत शेतकी खात्याचा क्लार्क गहिनीनाथ आला. मागे चार शेतकरी. सगळे चपलांसकट आत. फरशीभर माती झाली.

"अश्विनीबाई हितं हायत का? कॉम्प्युटरची लाईन गेली समदी."

"नोंदीचा नंबर सांग, मी बघून देतो," यशया म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. बाई आल्या की बघू आमी आमच्याच टेबलावर."

आले तसे गेले. चपला काढा म्हणायचंही यशयाला सुचलं नाही.

थोड्या वेळाने अश्विनी धावतच आली. कॉम्प्युटरमागे डोकावून म्हणाली, "टोपण पडलं वाटतं कुठेतरी. तुम्ही बसा काका, मी शोधते."

ती गुडघे टेकून त्या मातीतच चाचपडू लागली. टेबलाखाली पाहून झालं, मग खुर्चीपाशी आली.

"जरा पाय उचलता?"

यशयाने पाय उचलले. त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. समोर दार उघडं होतं. बाहेर त्याच्या चपलांशेजारी तिच्या सँडल होत्या, नीट जोडून ठेवलेल्या.